नोकरीच्या पाहण्या काय सांगतात आणि आपली मराठी शाळा

जून महिना जवळ आला की सीमाभागातल्या गावागावांत एकच विषय चघळला जातो. पोराला कोणत्या शाळेत घालायचे? मराठी, कानडी की इंग्रजी? डेअरीवर दूध घालायला आलेली मंडळी असोत की बसथांब्यावर खोळंबलेली माणसे असोत, बोलणे फिरून फिरून तिथेच येते. अलीकडे या बोलण्यात एक नवे हत्यार आले आहे. "सर्व्हे झालाय, इंग्रजीवाल्यांना पगार जास्त पडतो," असे कुणीतरी म्हणतो आणि चर्चा तिथेच खुंटते. पाहणीचे नाव निघाले की समोरचा गप्प बसतो. ती पाहणी कुणी केली, कुठे केली, कुणाला विचारून केली, हे ना सांगणाऱ्याला ठाऊक असते, ना ऐकणाऱ्याला.

आम्ही पेशाने शिक्षक आणि समितीचे कार्यकर्ते. मराठी शाळेचा आग्रह धरताना अस्मितेचा मुद्दा आम्ही मांडतो आणि यापुढेही मांडू. पण पोटाचा प्रश्न विचारणाऱ्या बापाचे तेवढ्याने समाधान होत नाही, आणि त्याने तसे विचारण्यात गैर काही नाही. म्हणून विकसनशील देशांत नोकरी, शिक्षण आणि घरखर्च यांविषयी गेल्या काही दशकांत ज्या पाहण्या झाल्या, त्यांतल्या काही मुद्दाम बारकाईने पाहिल्या. त्यांत आपल्या सोयीचे थोडे आहे, गैरसोयीचे बरेच आहे. दोन्ही वाचकांपुढे ठेवतो.

पाहणी म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. मात्र शीत वरचे घेतले आणि भात तळाशी करपलेला असेल, तर ती परीक्षा फुकट. पातेले आधी ढवळावे लागते. पाहणीच्या शास्त्रात सारे महत्त्व या ढवळण्याला आहे. कोणते गाव आणि कोणते घर घ्यायचे हे पाहणी करणाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे. भारतात हे शास्त्र रुजवले प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. बंगालच्या ताग पिकाच्या अंदाजासाठी १९३७ मध्ये त्यांनी हाती घेतलेल्या कामातून अनुभव मिळत गेला आणि १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी उभी राहिली. या साऱ्या घडामोडीत पुण्याच्या गोखले संस्थेचाही मोठा वाटा आहे. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबिसांबरोबर धनंजयराव गाडगीळ सदस्य होते. पुढे १९७१ साली त्याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी नमुना पाहणीतले घरखर्चाचे आकडे घेऊन देशाच्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही त्यांनी धरलेली किमान गरज. खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे तेवढेही खर्च करू शकत नव्हती. सरकारला हा हिशेब नाकारता आला नाही, कारण आकडे सरकारच्याच पाहणीतले होते.

आता नोकरीकडे वळू. २०१७-१८ पासून केंद्र सरकारची नियतकालिक श्रमबल पाहणी दरवर्षी होऊ लागली. पहिल्याच वर्षी बेकारीचे प्रमाण ६.१ टक्के निघाले. तो अहवाल बराच काळ अडवून ठेवला गेला. त्या वादात जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले आणि अहवाल बाहेर आला तो लोकसभा निवडणूक उरकल्यावर, मे महिन्यात. २०२३-२४ च्या पाहणीत तेच प्रमाण ३.२ टक्क्यांवर आलेले दिसते. म्हणजे बेकारी जवळजवळ निम्मी झाली, असे वाचकाला वाटेल. तसे वाटण्यापूर्वी 'काम' कशाला म्हटले आहे ते पाहावे. घरच्या शेतीत, घरच्या दुकानात बिनपगारी राबणारा माणूसही पाहणीच्या लेखी कामाला लागलेलाच असतो. साप्ताहिक मोजणीत तर आठवड्यात एक तास काम केले तरी तो बेकार ठरत नाही. २०१७-१८ मध्ये काम करणाऱ्यांपैकी स्वयंरोजगारी सुमारे ५२ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ५८ टक्क्यांवर गेले. नियमित पगारावर असलेले सुमारे २३ टक्के होते, ते २२ टक्क्यांच्या खाली आले. पगारी नोकऱ्या वाढून बेकारी उतरली, असा निष्कर्ष यातून निघत नाही. पोरगा नोकरीची वाट पाहून थकला आणि बापाबरोबर रानात जाऊ लागला, तरीही आकडा उतरतोच.

बायकांचा आकडा तर आणखी बोलका आहे. पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी श्रमशक्तीत मोजल्या गेलेल्या २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होत्या, त्या २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाल्या. सहा वर्षांत देशातल्या बायका अचानक कामाला लागल्या काय? आपल्या खेड्यातली बाई पहाटे उठून म्हशी पिळते, शेण काढते, भांगलणीला जाते. तिला विचारा, "मावशी, काय काम करता?" ती म्हणेल, "काय न्हाई, घरातच असतो की." पाहणीवाला लिहून घेणार, काम करत नाही. तोच माणूस जर म्हशी किती, धार कोण काढतं, दूध डेअरीला जातं का, असे एकेक करून विचारू लागला, तर तीच बाई कामगार ठरते. वाढ किती खरी आणि किती नोंदीतली, यावर अर्थशास्त्रज्ञांत वाद आहे.

हा आमचा तर्क नव्हे. २००७ साली आफ्रिकेतल्या टांझानिया देशात याचा रीतसर प्रयोग झाला. काही घरांत कामाविषयी थोडक्यात प्रश्न विचारले, काहींत तपशिलाने. काही ठिकाणी ज्याचे त्याला विचारले, काही ठिकाणी घरातल्या दुसऱ्याच माणसाला. थोडक्यात विचारले तेव्हा काम करणाऱ्या बायकांचे प्रमाण कमी भरले. दुसऱ्याला विचारले तेव्हा पुरुषांचे प्रमाण घसरले, कारण शेतातले काम सांगायचे राहून गेले. देश तोच, माणसे तीच. प्रश्न बदलला आणि उत्तर बदलले.

इथे आमच्या सीमाभागाची एक वेगळी अडचण आहे, आणि या सदरातल्या लेखाचा खरा विषय तोच आहे. प्रश्न कोणत्या भाषेत विचारला जातो? आपल्या खेड्यातल्या बाईला बाजारापुरते कानडी येते. भाजी विकायला, तिकीट काढायला ते पुरते. पण दारात आलेल्या सरकारी माणसाने कानडीत 'केलस' आहे का विचारले, तर तिच्या मनात केलस म्हणजे पगाराची नोकरी, नाहीतर दुसऱ्याच्या रानातली मजुरी. ती 'इल्ला' म्हणून मोकळी होणार. मग सोबत आलेला गावातला कुणीतरी तिच्या वतीने उत्तर देणार. टांझानियात ज्या दोन गोष्टींनी आकडे बिघडले, त्या दोन्ही इथे एकाच उंबऱ्यावर घडू शकतात. शिवाय रोजगाराच्या या नेहमीच्या पाहणीत धर्म विचारतात, सामाजिक गट विचारतात. घरात कोणती भाषा बोलता हे विचारत नाहीत. त्यामुळे कर्नाटकातल्या मराठी भाषिकांत बेकारी किती, हा प्रश्न कुणी विचारला तरी त्या आकड्यांतून उत्तर निघत नाही. बेंगळूरच्या संगणक कंपन्या आणि खानापूर तालुक्यातली जंगलकाठची वाडी एकाच सरासरीत बसतात. जानेवारी २०२५ पासून या पाहणीची रचना बदलली असून नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला आहे. त्याचा उपयोग होईल. पण जिल्हा कळला म्हणून भाषा कळत नाही.

दुसऱ्या तऱ्हेच्या पाहण्या असतात त्या इच्छेच्या. तुला काय व्हायचे आहे? आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१७ साली ३२ विकसनशील देशांतल्या तरुणांच्या पाहण्या एकत्र करून अहवाल काढला. शिकणाऱ्यांपैकी सरासरी ५७ टक्क्यांना सरकारी क्षेत्रात जायचे होते. प्रत्यक्ष काम करणाऱ्या तरुणांपैकी तिथे होते १७ टक्के. भारतात दिल्लीच्या लोकनीती संस्थेने २०१६ मध्ये तरुणांना विचारले, तेव्हा ६५ टक्क्यांनी सरकारी नोकरीच पसंत केली. म्हणजे आमची मुले पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळतात ती काही जगावेगळी नाहीत. तमिळनाडूत २००१ ते २००६ या काळात बहुतेक सरकारी भरती बंद होती. जागा नाहीत म्हटल्यावर मुले दुसऱ्या कामाला लागतील, असे आपण समजू. अभ्यासकांना आढळले ते उलट. शिकलेल्या पुरुषांनी आणखी वर्षे अभ्यासात आणि बेकारीत काढली.

सीमाभागात ही ओढ दुहेरी आहे. कर्नाटकाच्या भरतीला कानडीची अट, महाराष्ट्राच्या भरतीला रहिवासाच्या दाखल्याची भानगड. यात खासगी नोकरीचीही भर पडू शकते. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने स्थानिकांना नोकऱ्या देण्याच्या विधेयकाला मंजुरी दिली होती. व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा स्थानिकांना. स्थानिक कोण? राज्यात जन्मलेला, १५ वर्षे राहिलेला, आणि कानडी बोलता, वाचता, लिहिता येणारा. दहावीला कानडी नसेल तर परीक्षा द्यायची. उद्योगांनी ओरड केल्यावर दोन दिवसांत ते विधेयक बाजूला ठेवले गेले. पण बाजूला ठेवलेली वस्तू फेकून दिलेली नसते. बेळगावात जन्मलेला, उद्यमबागेतल्या कारखान्यावर डोळा ठेवून आयटीआय केलेला आमचा मुलगा त्या व्याख्येत परका ठरला असता.

आता मूळ प्रश्न. इंग्रजीवाल्यांना पगार जास्त मिळतो का? मिळतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद आणि अमेरिकेतले मेरीलँड विद्यापीठ यांनी २००४-०५ मध्ये देशभर ४१ हजारांहून अधिक कुटुंबांची मानव विकास पाहणी केली. तीत इंग्रजी किती येते हा प्रश्न होता. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश यांनी ते आकडे घेऊन २०१३ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. शिक्षण, वय वगैरे सारखे असलेल्या पुरुषांत सफाईने इंग्रजी बोलणाऱ्याची तासाची कमाई इंग्रजी न येणाऱ्यापेक्षा सरासरी ३४ टक्के अधिक, आणि थोडेफार येणाऱ्याची १३ टक्के अधिक. आपल्या गावात जी पाहणी तोंडी फिरते आहे ती बहुधा हीच. पण निबंधातले पुढचे वाक्य कुणी सांगत नाही. जुन्या पिढीत कमी शिकलेल्यांनाही इंग्रजीचा फायदा मिळे. तरुण पिढीत तो फक्त जास्त शिकलेल्यांना मिळतो. म्हणजे दहावीला गळालेल्या मुलाच्या पदरात इंग्रजी माध्यमाने फारसे काही पडत नाही. आधी मुलगा शिक्षणात टिकला पाहिजे.

दुसरा अभ्यास आपल्याला अधिक जवळचा, कारण तो मराठी माणसांचाच आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या दोघांनी २००१-०२ मध्ये मुंबईच्या दादर भागातल्या २८ शाळांची प्रवेशाची रजिस्टरे काढली. १९८२ पासून वीस वर्षांत पहिलीत दाखल झालेल्या मुलांतून नमुना निवडला आणि सुमारे ४,९०० पालकांना गाठले. आईबाप काय करतात, किती शिकले, कोणत्या माध्यमातून, मुलांना कुठे घातले, सारे विचारले. २००६ साली निबंध आला. त्यात असे दिसले की १९८० च्या दशकात इंग्रजी शिकलेल्या पुरुषाला मिळणारा जादा मोबदला १५ टक्क्यांच्या आसपास होता, तो १९९० च्या दशकात २४ टक्क्यांवर गेला. स्त्रियांच्या बाबतीत तो शून्याच्या जवळ होता, तो २७ टक्क्यांवर गेला. उदारीकरणानंतर मुंबईतल्या कचेऱ्या बदलल्या त्याचा हा हिशेब.

पण खरी गंमत पुढे आहे. सर्व जातींची मुले इंग्रजीकडे सारख्या वेगाने वळली नाहीत. ज्या जातींतले पुरुष पिढ्यानपिढ्या गिरणीत, गोदीत, कारखान्यात एकमेकांच्या ओळखीने लागत आले होते, त्यांचे मुलगे मराठी माध्यमातच राहिले. ओळख होती, तिथे इंग्रजी लागत नव्हते. त्याच घरांतल्या मुली मात्र इंग्रजीकडे गेल्या, कारण त्यांना धरून ठेवणारी अशी कुठली ओळखच नव्हती. जातभाईंचा जो आधार बापाला मुंबईत उभे करत होता, तोच मुलाला मागे ठेवत होता, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे काय झाले हे घाटावरच्या आणि कोकणातल्या कुटुंबांना सांगायला नको. ओळख राहिली, गिरणी राहिली नाही.

आपल्याकडे काय चित्र आहे? भावकीतला कुणीतरी उद्यमबागेत, शिनोळीत किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत असतो, त्याच्या शब्दावर पोरगा फौंड्रीत चिकटतो. गोव्यात बांधकामावर जाणाऱ्यांची साखळीही अशीच. इथवर दादरसारखेच. मुलींच्या बाबतीत मात्र आमच्या पाहण्यात उलटे येते. मुलगा पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जातो आणि मुलगी चालत गावच्या मराठी शाळेत येते. मराठीच्या प्रेमामुळे ती आमच्या वर्गात बसली आहे, अशी आम्ही आमची समजूत करून घ्यायचे कारण नाही. तिच्यावर खर्च करायचा नाही म्हणून ती तिथे आहे. रॉबर्ट जेन्सन यांनी दिल्लीभोवतीच्या १६० खेड्यांत एक प्रयोग केला होता. त्यांतल्या निम्म्या गावांत तीन वर्षे नोकरभरती करणारी माणसे पाठवली, ती तरुण मुलींना कॉल सेंटरसारख्या कामांची माहिती आणि मदत देत. त्या गावांत मुलींची लग्ने लांबली, अधिक मुली कामाला लागल्या, आणि लहान मुलींच्या शिक्षणाकडे घरच्यांचे लक्ष वाढले. काम दिसले की मुलीच्या शाळेची किंमत कळते.

एमिली ऑस्टर आणि ब्राइस मिलेट स्टाइनबर्ग यांच्या अभ्यासात तर कर्नाटकच आहे, सोबत आंध्र आणि तमिळनाडू. संगणक सेवा केंद्र उघडले की त्याच भागातल्या शाळांचा पट सुमारे पावणेसहा टक्के वाढतो असे त्यांना दिसले. काही किलोमीटर पलीकडे परिणाम जवळजवळ नाही. आणि ही सारी वाढ इंग्रजी माध्यमाच्या शाळांत. आमच्यासाठी हे कडू औषध आहे. पण त्यातलाच दुसरा धडा पाहा. दूर बेंगळुरात नोकऱ्या वाढल्याने आपल्या तालुक्यात फरक पडत नाही. जवळ काम हवे.

मग घाला सगळ्यांना इंग्रजी शाळेत, असे कुणी म्हणेल. थांबा. वरच्या अभ्यासांत फायदा आहे तो इंग्रजी येण्याचा. इंग्रजी पाटी लावलेल्या शाळेत बसण्याचा फायदा त्यांनी मोजलेला नाही. या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते ग्रामीण मुलांची घरी जाऊन चाचणी घेणाऱ्या 'असर' पाहणीवरून समजते. २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या जेमतेम पाव मुलांना सोपी इंग्रजी वाक्ये वाचता आली. आठवीत निम्म्यांहून कमी. यात खासगी शाळांतली मुलेही आहेत. आणि किंमत? २०२५ च्या केंद्रीय शिक्षण पाहणीत सरकारी शाळेतल्या मुलामागे कुटुंबाचा वर्षाचा सरासरी खर्च २,८६३ रुपये आणि इतर शाळांतल्या मुलामागे २५,००२ रुपये निघाला. हा देशाचा आकडा आहे, तरी आपल्याकडच्या पालकाला तो अनोळखी वाटणार नाही. म्हैस विकून फी भरणारी घरे प्रत्येक गावात सापडतील.

हा निर्णय आता पूर्णपणे पालकाच्या हातात आहे हेही ध्यानात घ्यावे. पहिली ते चौथी मातृभाषेतून किंवा कानडीतून शिकवण्याची सक्ती करणारा कर्नाटकाचा १९९४ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ मे २०१४ रोजी अमान्य केला. माध्यम निवडण्याचा हक्क पालकाचा. त्यामुळे मराठी शाळा टिकायची तर पालकाला पटूनच टिकेल. आमचे मत स्पष्ट सांगतो. पाया मराठीत, पहिलीपासून इंग्रजी शिकवणारा खरोखर तयार शिक्षक, आणि लिहिता-वाचता येईल इतके कानडी, अशी शाळा आपण देऊ शकलो तर पालक येतील. कानडीचे नाव काढलेले आमच्यातल्याच काहींना रुचणार नाही. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. तो मार्गी लागेपर्यंत एक अख्खी पिढी शिकून बाहेर पडली. आज अठरा वर्षांच्या मुलाने भरतीच्या रांगेत उभे राहून काय करावे, याचे उत्तर दावा देत नाही. दावा आपल्या जागी, मुलाची भाकरी आपल्या जागी.

घरखर्चाच्या पाहण्यांविषयी थोडक्यात. २०२२-२३ च्या पाहणीत खेड्यातला माणशी महिन्याचा खर्च सरासरी ३,७७३ रुपये निघाला. त्यात खाण्यावर सुमारे ४६ टक्के; १९९९-२००० मध्ये हेच प्रमाण ५९ होते. तांदूळ, गहू, जोंधळा अशा धान्यावरचा खर्च तेव्हा सुमारे २२ टक्के होता, तो ५ टक्क्यांच्या आसपास उतरला. चहा-बिस्किटे, फरसाण, तयार पदार्थ यांवर मात्र धान्याच्या जवळजवळ दुप्पट जाते. आकड्यांची तुलना जपून करावी लागते. १९९९-२००० मध्ये सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा खर्च एकाच कागदावर विचारल्याने मोठा वाद झाला होता. २०२२-२३ मध्ये एकाच घरी तीन वेळा जाऊन विचारले. मधली २०१७-१८ ची पाहणी तर सरकारने प्रसिद्धच केली नाही. साबण आणि बिस्किटे विकणाऱ्या कंपन्या मात्र स्वतःच्या पाहण्या कधी दडपत नाहीत, आणि गिऱ्हाईक कोणती भाषा बोलते हे त्यांना बरोबर ठाऊक असते.

एक शेवटची पाहणी सांगतो, कारण 'गावाजवळ कारखाना आला की झाले' असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. इथिओपियात ख्रिस्टोफर ब्लॅटमन आणि स्टीफन डर्कन यांनी पाच कारखानदारांकडे अर्ज केलेल्या जवळपास एक हजार तरुणांच्या चिठ्ठ्या टाकल्या. काहींना नोकरी, काहींना छोट्या धंद्यासाठी सुमारे तीनशे डॉलर आणि थोडे प्रशिक्षण, बाकीच्यांना काहीच नाही. नोकरी मिळालेल्यांतल्या बहुतेकांनी वर्षाच्या आत ती सोडली. पगार बाहेरच्या किरकोळ कामापेक्षा जास्त नव्हता आणि प्रकृतीच्या तक्रारी वाढल्या. धंदा करणाऱ्यांची कमाई वर्षभरात बरीच वाढली, पण पाच वर्षांनी तिन्ही गट सारखे दिसले. फौंड्रीच्या भट्टीसमोर सहा महिने काढून परत आलेल्या पोराला आपण आळशी म्हणतो. त्याला एकदा नीट विचारून पाहावे.

आणि विचारणे आपल्याला जमण्यासारखे आहे. दादरच्या अभ्यासाला जे मूळ साधन लागले ते प्रत्येक मराठी शाळेच्या कपाटात आहे. प्रवेशाचे रजिस्टर. समितीपुढे आम्ही असे सुचवले आहे की एका तालुक्यातल्या काही शाळा चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि गेल्या वीस वर्षांतल्या नावांपैकी दर दहावे नाव घ्यावे. इंजिनिअर झालेला, पोलिसात लागलेला, सत्कारात हार घातलेला तेवढाच घेतला तर ते वरचे शीत होईल. चौथीत गळालेला, गोव्याला गेलेला, सासरी दिलेली मुलगी, सगळ्यांना शोधायचे. मुलीचा पत्ता तिच्या माहेरी मिळतो, तिचे उत्तर मात्र तिच्याकडूनच घ्यायचे, भावाकडून नाही. 'नोकरी आहे का' असे न विचारता काल काय केले, गेल्या आठवड्यात काय केले, पैसे किती हातात आले, असे विचारायचे. गावात जे मराठी बोलतात त्यात विचारायचे, पुस्तकी मराठीत नको. इंग्रजी आणि कानडी कुठे अडले, तेही लिहून घ्यायचे. त्याच वयाची, त्याच गावातली, इंग्रजी शाळेत गेलेली मुलेही तितकीच घ्यावी लागतील, नाहीतर तुलना कशाशी करणार?

निष्कर्ष आपल्याविरुद्ध गेला तर तो छापायचा की नाही, यावर बैठकीत बराच वेळ वाद झाला. छापायचा, असे ठरले आहे. नावे गुप्त राहतील, गावेही सांगितली जाणार नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू करण्याचा विचार आहे. त्यासाठी प्रत्येक गावातून दोन शिकलेली मुले आणि निदान एक मुलगी लागेल. घराघरांत बायकांशी बोलायला तीच उपयोगी पडेल. ज्या शाळांची जुनी रजिस्टरे वाळवीने खाल्ली आहेत किंवा शाळा बंद झाल्यावर दुसरीकडे हलवली आहेत, तिथल्या माजी मुख्याध्यापकांनी ती कुठे आहेत एवढे जरी कळवले तरी अर्धे काम होईल.